तांबडी, काबरी आणि थंडीचे दिवस

बालमित्रांनो, दिवाळीत अंगणात किल्ला केला आहे ना तुम्ही? आणि घरी कोंबड्या असतील, तर त्या किल्ल्याचे पुढे काय होते, हेही तुम्हाला चांगले ठाऊक असेल! आपण माती कालवायची, बुरूज रचायचे, मोहरी पेरून हिरवळ उगवायची, मावळे मांडायचे. आणि सकाळी उठून पाहावे, तर बुरुजावर तांबडी कोंबडी उभी! मावळे आडवे, हिरवळ फस्त. आमच्या घरी दरवर्षी हेच व्हायचे. मी रडू लागले की आजी म्हणायची, "अगं, किल्ला तुझा आणि राखण तिची. आता तिच्या किल्ल्याचं बघ. थंडी आली दाराशी."

तिचा किल्ला म्हणजे खुराडे. आज मी तुम्हाला याच किल्ल्याच्या डागडुजीविषयी सांगणार आहे. कोजागिरीपासून दिवाळी संपेपर्यंतचे दिवस या कामाला फार चांगले. पाऊस गेलेला असतो, ऊन कडक असते आणि थंडी अजून आलेली नसते. शहरात राहणाऱ्या मुलांनीही वाचायला हरकत नाही बरं का! आजोळी गेल्यावर उपयोगी पडेल.

माझी चूक

सुरुवात माझ्या चुकीपासून करते. आमचे गाव नाशिक जिल्ह्यात, निफाडच्या बाजूला. तिकडची थंडी साऱ्या महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. पारा कधी कधी पाच अंशांच्याही खाली उतरतो. द्राक्षांच्या बागांना थंडी बाधू नये म्हणून शेतकरी रात्री बागेत शेकोट्या पेटवून धूर करतात.

मी चौथीत होते. डिसेंबरातली एक रात्र. मी गोधडीत गुरफटून झोपले होते आणि मनात आले, आपल्याला गोधडी आहे, पण कोंबड्यांना? दुसऱ्या दिवशी शाळेतून आले आणि घरातला जुना प्लॅस्टिकचा कागद घेऊन सगळे खुराडे गुंडाळून टाकले. वरून, खालून, चारी बाजूंनी. एक फट म्हणून ठेवली नाही. आजी मामाकडे गेली होती. मला वाटले, आल्यावर शाबासकी देईल.

चौथ्या दिवशी सकाळी दार उघडले, तर आतून असा भपकारा आला की डोळ्यांतून पाणीच आले! कागदाच्या आतल्या बाजूने थेंब लोंबत होते. खालचे तूस ओलेचिंब. कोंबड्या शिंकत होत्या आणि काबरी चोच उघडून घुरघुरत होती. दोन दिवसांनी काबरी मेली.

आजी आली. ती रागावली नाही, पण एक वाक्य बोलली, ते मी अजून विसरले नाही. "पोरी, कोंबडी नुसत्या थंडीनं मरत नाही गं. ओलीनं मरते."

कोंबडीची गोधडी

आजीचे म्हणणे खरे कसे, ते मला पुढे मोठेपणी पुस्तके वाचल्यावर कळले. आपल्या शरीराचे तापमान ३७ अंश सेल्सिअस असते. कोंबडीचे त्याहून जास्त, ४१ अंशांच्या आसपास. म्हणजे ती चालतीबोलती छोटी शेगडीच! शिवाय तिची गोधडी तिच्या अंगावरच असते. थंडी वाजली की ती पिसे फुलवून बसते. पिसांच्या मध्ये हवा अडकते आणि ही अडकलेली हवा अंगातली ऊब बाहेर जाऊ देत नाही. तुमच्या स्वेटरमध्येही हेच होते. लोकरीच्या धाग्यांमध्ये अडकलेली हवाच ऊब धरून ठेवते.

पण स्वेटर ओला झाला तर? मग तो उबदार राहील का? पिसांचेही तसेच आहे. बंद खुराड्यात कोंबड्यांच्या श्वासातली वाफ साठते, विष्ठेतली ओल साठते. पिसे दमट होतात. आणि ओल्या विष्ठेतून अमोनिया नावाचा वायू निघतो. डोळ्यांना झोंबला तो हाच. त्याने कोंबडीच्या नाकाला, घशाला आणि फुप्फुसाला इजा होते. मी काबरीला थंडीपासून वाचवायला गेले आणि तिची हवाच बंद केली.

म्हणून पहिला नियम लक्षात ठेवा : वारा अडवायचा, हवा अडवायची नाही.

आधी अंगण

खुराड्याला हात लावण्याआधी अंगण आणि परसू आवरू या. पावसाळ्यात गवत माजलेले असते. त्यात साप, विंचू दडून बसतात आणि मुंगूस, रानमांजर यांना लपतछपत खुराड्यापर्यंत यायला आयती वाट मिळते. खुराड्याभोवतीचे सात-आठ हात गवत मोठ्या माणसांकडून कापून घ्या. तुम्ही स्वतः गवतात हात घालू नका. आधी काठीने आपटावे, मग पुढे जावे.

फुटके डबे, करवंट्या, जुने टायर यांत पाणी साचले असेल तर ते ओतून टाका. डास तिथेच अंडी घालतात, आणि कोंबड्या ते घाण पाणी पितात. मग अंगणातले खड्डे मुरुमाने भरून घ्या, माती चोपून घ्या. आमच्याकडे यानंतर शेणसडा पडतो आणि दिवाळीची रांगोळी सुरू होते.

पाचोळा मात्र जाळू नका! धुराने आजी-आजोबांचा खोकला वाढतो आणि चांगले खत वाया जाते. परसात एक खड्डा घ्या. त्यात पाचोळ्याचा एक थर आणि खुराड्यातून निघालेल्या जुन्या तुसाचा एक थर, असे थरावर थर घाला. वर माती टाका, अधूनमधून थोडे पाणी शिंपा. कोंबडीची विष्ठा ताजी असताना झाडांना घातली तर मुळे पोळतात. पण चार-सहा महिने कुजली की तिचे उत्तम खत होते. वांगी, मिरच्या आणि शेवगा खूश!

मग खुराडे

सगळ्या कोंबड्यांना दिवसभर बाहेर सोडा आणि खुराडे पूर्ण रिकामे करा. जुने तूस, कोपऱ्यांतली जळमटे, वाळलेली विष्ठा सगळे काढा. नाका-तोंडाला रुमाल बांधायला विसरू नका. मग आतून झाडून, धुऊन, उन्हात दिवसभर वाळू द्या. फटींमध्ये गोचिड्या दडलेल्या असतात. दिवसा त्या दिसत नाहीत, रात्री बाहेर येऊन कोंबडीचे रक्त पितात. भिंतींना चुना द्या. फटी बुजतात. चुना मोठ्या माणसांनीच कालवायचा बरं का, तो डोळ्यांत गेला तर फार वाईट.

आता तळाला कोरडे तूस किंवा लाकडाचा भुसा चार बोटे जाड पसरा. रोज सकाळी काठीने खालीवर करा. ओला झालेला भाग लगेच काढून टाका.

वारा अडवण्यासाठी उत्तरेकडच्या बाजूला गोणपाट लावा, कारण थंड वारे बहुधा तिकडून येतात. गोणपाट सकाळी वर गुंडाळायचे, सांजेला खाली सोडायचे. पण छपराच्या खाली, कोंबड्यांच्या डोक्याच्या बऱ्याच वर, हवा जायला दोन्ही बाजूंना फट ठेवायची. दमट हवा वर जाते आणि तिथून निघून जाते. फटीला बारीक जाळी लावा, म्हणजे मुंगसाला मज्जाव!

खुराड्याचे दार पूर्वेला किंवा दक्षिणेला असले तर उत्तम. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे ऊन आत येते.

आणि बसायला दांडी हवी. कोंबडी जमिनीवर झोपण्यापेक्षा उंच दांडीवर झोपणे पसंत करते. दांडी दोन इंच रुंद आणि कडा गोल केलेली असावी. का सांगू? कोंबडीच्या पायांच्या बोटांवर पिसे नसतात. रुंद दांडीवर ती बोटांवर पोट टेकून बसते आणि बोटे पिसांखाली झाकली जातात. दर कोंबडीमागे एक वीत जागा सोडा. थंडीत त्या एकमेकींना खेटून बसतील, तेव्हा थोडी जागा उरेलच!

अंडी कुठे गेली?

थंडीच्या तोंडावर बऱ्याच घरी एक तक्रार ऐकू येते, "कोंबडी अंडीच देत नाही. शिवाय पिसंही झडली. आजारी आहे वाटतं." घाबरू नका! वर्षातून एकदा कोंबडी जुनी पिसे टाकते आणि नवी अंगावर चढवते. म्हणजे दिवाळीचे नवे कपडेच म्हणा ना! पीस मुख्यतः प्रथिनांचे बनलेले असते. अंड्यालाही प्रथिने लागतात. कोंबडीच्या शरीराला दोन्ही खर्च एकदम झेपत नाहीत, म्हणून ती काही आठवडे अंडी बंद ठेवते.

दुसरे कारण आहे उजेड. आपल्याकडे २१ जूनला दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा असतो. २२ डिसेंबरला तो अकरा तासांच्या आसपास येतो. कोंबडीला भरपूर अंडी घालायला साधारण १४ ते १६ तास उजेड लागतो. म्हणून मोठ्या पोल्ट्रीत दिवे लावून दिवस लांबवतात. गंमत म्हणजे कोंबडीला उजेड फक्त डोळ्यांनीच कळत नाही. तिच्या मेंदूत उजेड ओळखणाऱ्या पेशी असतात आणि कवटीतून झिरपलेला उजेडही त्यांना समजतो. 'कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही' ही म्हण तुम्ही पाठ केली आहे. आता सांगा, डोळे झाकले तरी कोंबडीला उजाडलेलं कळतं, हे आपल्या पूर्वजांना कोणी सांगितलं असेल?

आपल्या परसातल्या देशी कोंबड्यांना मात्र विश्रांती घेऊ द्या. ती वर्षाला साधारण पन्नास-साठ अंडी देते. थोडे दिवस सुट्टी घेतली म्हणून काय बिघडले? तुम्हालाही दिवाळीची सुट्टी हवीच असते की!

थंडीचा फराळ

या दिवसांत कोंबडीला थोडे जास्त खायला लागते. ऊब तयार करायची म्हणजे जळण हवेच. सांजेला खुराड्यात जाण्याआधी मूठभर मका, बाजरी किंवा ज्वारी टाका. दाणे गळ्याखालच्या पिशवीत साठतात आणि रात्रभर हळूहळू पचतात. पचताना अंगात उष्णता तयार होते. नव्या पिसांसाठी शेंगदाण्याची पेंड, डाळीची चुरी द्या. किडे, वाळवी त्या स्वतः शोधतीलच. मात्र बुरशी आलेले दाणे चुकूनही देऊ नका. त्यात विष असते. ओलसर कणग्यात किंवा ओल्या पोत्यात राहिलेला मका नीट पाहून घ्या.

पाणी रोज ताजे द्या. थंडीत सकाळी पाणी अगदी गार झालेले असते, म्हणून कोंबड्या कमी पितात. थोडे कोमट पाणी घातले की आनंदाने पितात.

आणि अंगणाच्या कोपऱ्यात कोरडी माती आणि चुलीतली थंड झालेली राख यांचा एक छोटा खड्डा ठेवा. कोंबड्या त्यात लोळतात, राख पिसांत उडवून घेतात. ही त्यांची अंघोळ! त्याने उवा कमी होतात. राखेत निखारा राहिला नाही ना, हे आधी काठीने पाहा.

पिलांची काळजी

मोठ्या कोंबडीला गोधडी असते, पण पिलांना नसते. त्यांची नुसती मऊ लव असते. पहिल्या आठवड्यात त्यांना ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते. नंतर दर आठवड्याला तीन-एक अंश कमी केली तरी चालते. खुडूक कोंबडीची पिले असतील तर आई ती पंखांखाली घेतेच. पण विकत आणलेली पिले असतील, तर दिव्याची ऊब द्यावी लागते. अशा वेळी तापमापक नसला तरी चालेल. पिलांकडेच पाहा. ती दिव्याखाली गर्दी करून चिवचिवत असतील, तर त्यांना थंडी वाजते आहे. दिव्यापासून लांब पळत असतील, तर गरम होते आहे. सगळीकडे पसरून खात-पीत असतील, तर सारे ठीक!

दिवा वाळक्या तुसापासून बराच उंच, पक्का बांधलेला असावा. आणि बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नका. तिच्यातून निघणारा विषारी वायू पिलांनाही मारतो आणि माणसांनाही.

एका बाटलीत शंभर

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. ही गोष्ट माझ्या वर्गातली आहे.

दोन वर्षांपूर्वी आमच्या शाळेची सहल निघाली. माझ्या वर्गातली एक हुशार मुलगी म्हणाली, "बाई, मी नाही येत. मला गाडी लागते." मी फार विचारले नाही. सहल झाली. नंतर बाजारात तिची आई भेटली. बोलता बोलता कळले, की त्या थंडीत त्यांच्या चौदाच्या चौदा कोंबड्या आठ दिवसांत मेल्या होत्या. अंडी विकून आई मुलीच्या वह्या, चपला, सहल असे खर्च भागवायची. त्या वर्षी भागले नाहीत. मुलगी आईला म्हणाली होती, "बाईंना काही सांगू नकोस."

गावात म्हातारी माणसे याला 'मर आली' म्हणतात. बहुतेक वेळा हा राणीखेत रोग असतो. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल गावी १९२६ साली तो सापडला, म्हणून जगभर त्याला न्यूकॅसल म्हणतात. त्याच सुमारास आपल्या देशात तो उत्तराखंडातल्या राणीखेतजवळ दिसला, म्हणून आपण राणीखेत म्हणतो. कोंबडी मलूल होते, हिरवट पातळ विष्ठा टाकते, धापा टाकते, मान वाकडी होते. हा विषाणूचा रोग आहे. तो झाल्यावर औषध नाही. पण आधी लस देता येते. लहान पिलांना डोळ्यात किंवा नाकात थेंब टाकतात, मोठ्यांना टोचतात.

मग लोक लस का देत नाहीत? मी पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना हेच विचारले. ते म्हणाले, "बाई, एका बाटलीत शंभर मात्रा असतात. ती थंड ठेवावी लागते. एकदा कालवली की दोन-एक तासांत संपवायला हवी, नाहीतर फुकट जाते. एकेका घरी सहा-सात कोंबड्या. त्यासाठी बाटली कोण फोडणार?"

मी वर्गात हे फळ्यावर लिहिले. मुले विचार करू लागली. आणि तीच मुलगी उठून म्हणाली, "बाई, सगळ्यांच्या कोंबड्या मिळून शंभर होतील की!"

झालं! पुढच्या दिवाळीआधी गणिताच्या तासाला आमच्या मुलांनी सगळी वस्ती पालथी घातली. अकरा घरे. कोणाकडे सहा, कोणाकडे नऊ, कोणाकडे पिलांसकट पंधरा. बेरीज आली सत्त्याऐंशी. तो कागद घेऊन आम्ही दवाखान्यात गेलो. ठरलेल्या दिवशी डॉक्टर पहाटेच आले, कोंबड्या खुराड्याबाहेर पडायच्या आधी. म्हणजे धरायला सोप्या! मुले दाराशी उभी राहून यादीत खुणा करत होती. सूर्य वर येईपर्यंत काम संपले. त्या थंडीत आमच्या वस्तीत मर आली नाही.

लस म्हणजे जादू नव्हे हं. ती निरोगी कोंबडीलाच द्यायची असते आणि डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा द्यावी लागते. बाजारातून नवी कोंबडी आणली तर तिला दोन-तीन आठवडे वेगळी ठेवा. आणि कोंबड्या एकाएकी मरू लागल्या तर त्यांना हात लावू नका, त्या पाटात किंवा उकिरड्यावर टाकू नका. लगेच मोठ्यांना सांगा, आणि मोठ्यांनी दवाखान्यात कळवा. २००६ साली आपल्या राज्यात नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू आला होता, तेव्हा तिथल्या लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. वेळेवर कळवणे किती मोलाचे असते, ते यावरून ध्यानात येईल.

करून पाहा

१. आजपासून २२ डिसेंबरपर्यंत दर रविवारी सूर्योदय आणि सूर्यास्ताची वेळ दिनदर्शिकेतून लिहून काढा. दिवस किती मिनिटांनी लहान झाला? त्याच्या शेजारी त्या आठवड्यातल्या अंड्यांची संख्या लिहा.

२. पहाटे खुराड्याचे दार उघडताना एक खोल श्वास घ्या. डोळ्यांना झोंबले, तर हवा कमी पडते आहे. छपराखालची फट वाढवा.

३. तुमच्या गल्लीतल्या कोंबड्या मोजा. शंभराच्या जवळ जातात का?

४. अंडी गोळा केल्यावर, खुराडे साफ केल्यावर हात साबणाने धुवा. हे दरवेळी!

तर मुलांनो, काबरीला मी वाचवू शकले नाही. पण दिवाळी जवळ आली, की अजूनही मी आधी खुराड्याच्या छपराखाली हात घालून पाहते, वारा लागतो का ते. तुम्हीही पाहा.

आणि हो, ती मुलगी या वर्षी सहलीला आली होती. खिडकीशी बसली होती, सगळी वाट गाणी म्हणत. गाडी तिला मुळीच लागली नाही!